तापीवीर आणि रमिलाबाई

शहाद्याच्या स्टँडवर उतरल्यापासून ईश्वरने ते पान तीनदा उघडून पाहिलं होतं. रविवारच्या पुरवणीतली तापीवीरची चित्रकथा. तापीवीर एका हाताने ट्रक उचलायचा आणि एरवी एका पेपरात बातमीदार असायचा. तिथल्या संपादकांच्या सेक्रेटरी रमिलाबाई. फोन घ्यायच्या, तापीवीर गायब झाला की साहेबांना थापा मारायच्या.

खरी रमिलाबाई म्हणजे ईश्वरची बायको सुनिता. ही पुरवणी काढणाऱ्या पेपरात ती सतरा वर्षं सेक्रेटरी होती. समोरच्या टेबलावर बसून चित्रकार अजितने तिलाच कागदावर उतरवलं होतं.

सुनिता जाऊन पाच आठवडे झाले. अजित चार आठवड्यांची चित्रं आधीच देऊन ठेवायचा, त्यामुळे दिवसकार्य, गंधमुक्ती झाल्यावरही रमिलाबाई पेपरात येत राहिल्या. काल मात्र शेवटच्या चौकटीत पुलाला तडे गेले होते. पुलावर रमिलाबाई पाठमोऱ्या उभ्या. खाली लिहिलं होतं, ‘तापीवीर पोहोचेल का?’

ईश्वर पेपरच्या ऑफिसात शिरला तसा अजित उठला. “बठा अप्पा. चहा सांगू?”

“चहा ऱ्हाऊ दे. पोहोचस का तो?”

अजितने मान खाली घातली. “नही.”

“ट्रक उचली लेस, नि एक बाई नही उचलता येत त्याले?”

“अप्पा, लोके रडतीन. ताईले श्रद्धांजली व्हई.”

“ती गई तवय मन्हा दारावर बसाले उना व्हता तू. तवय का नही बोलना?”

अजितने खणातून कागदांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर टेबल, खुर्ची, साडी. चेहरा कुठेच नव्हता.

“ताई समोर बठेत तवय हात चाले. आते चेहराच येत नही. म्हनीसन पूलवर लई गऊ.” त्याने पेन्सिल उचलली. “तुम्हीच सांगा. फोन कोन्ता हातमा धरेत?”

ईश्वरला ते ठाऊक नव्हतं. सतरा वर्षांत तो या ऑफिसात एकदाही आला नव्हता. तिच्या फोनवर असायचा, तो पलीकडच्या बाजूला. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

“दाखवूच नको तिले,” तो खिडकीपाशी उभा राहून म्हणाला. “तापीवीरना हातमा फोन दे. तिना नुसता आवाज येऊ दे, ऑफिसमाईन.”

“पण पूलवरथून कशा उतरन्यात?”

“पायी. तिले कोनी उचली लई जावानी गरज नव्हती.”

अजितला हसू आलं. त्याने नवा कागद घेतला. “काय बोलतीन?”

“जेवनात का.”

“पूल पडी ऱ्हायना, नि जेवनात का?”

“इचारेच ती. रोज दीडले.”

अजितने संवादाचा फुगा काढून त्यात तेवढंच लिहिलं. “नि तापीवीर काय म्हनस?”

ईश्वर दुकानात असायचा. ‘कामात शे’ म्हणून तो फोन ठेवून द्यायचा. रोज.

“काहीबी म्हनू दे,” तो म्हणाला. “फक्त त्याले फोन ठेवू नको देऊ.”