एकाच खोक्यात दोघं

साठी ओलांडल्यावर लग्न करणाऱ्यांना लोक काय काय भेटी देतात, त्यावर न बोललेलंच बरं. लिफ्टवाल्यांनी मात्र बायकोला, म्हणजे टेलरबाईंना, काहीतरी कामाचं द्यायचं ठरवलं होतं. सगळा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेला माणूस. त्यांना सोनंनाणं कुठून सुचणार?

टेलरबाईंच्या घरात टेबल एकच आणि त्यावर कॉम्प्युटर दोन. एक लिफ्टवाल्यांनी येताना बरोबर आणलेला, नवा. दुसरा बाईंच्या पहिल्या नवऱ्याचा, मास्तरांचा, तीस वर्षांपूर्वीचा. गणित शिकवणाऱ्या मास्तरांनी बायकोसाठी त्यावर एक प्रोग्राम लिहिला होता. मापं भरली की तो कपड्याचा नमुना पडद्यावर काढून द्यायचा. मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण बाईंची कात्री अजून त्यांच्याच रेघेवर चालायची. आता तो कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. पडदा थरथरायचा, जळका वास यायचा. तो गेला की मास्तर पुन्हा एकदा जाणार, हे बाई कुणाला बोलल्या नव्हत्या. पण लिफ्टवाल्यांना ते दिसत होतं.

त्यांनी मास्तरांचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर उतरवला. नवा प्रोसेसर जुन्याचं सोंग झकास वठवत होता. बाईंनी मापं भरली, बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बाही तयार!

"बघा! पूर्वी एवढं होईपर्यंत तुमचा चहा पिऊन व्हायचा," लिफ्टवाले छाती फुगवून म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, छान झालंय. पण ते असं काढत नव्हते. खांद्यापासून सुरू करायचे, बाही जोडतात त्या मुंढ्याशी जरा थांबायचे, मग वळण घ्यायचे. मी ते बघत बसायचे."

लिफ्टवाल्यांना वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, जरा झोंबलंही. मेलेल्या माणसाच्या सावकाशपणाशी स्पर्धा करायची तरी कशी? दोन दिवस ते त्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचीच हजेरी घेतली. लेका, तुझी लिफ्ट मजल्यावर येताना हळूच टेकायची, तेव्हा तुला केवढं कौतुक वाटायचं!

मग त्यांनी जुना कॉम्प्युटर उघडला. आत बाकी सगळ्याचे बारा वाजले होते. प्रोसेसर तेवढा शाबूत होता, आणि तो सावकाशपणा त्याचाच होता. तो अलगद उचलून त्यांनी एका कार्डावर बसवला आणि ते कार्ड आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात खोचलं. एका खोक्यात दोघांना नांदवता नांदवता तीन आठवडे गेले. एक बोलायला लागला की दुसरा रुसायचा. शेवटी खोक्याला समोरून एक खटका बसला. वर केला की लिफ्टवाल्यांचा कॉम्प्युटर, खाली केला की मास्तरांचा. पडदा एक, कीबोर्ड एक.

बाईंनी खटका खाली केला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाची मापं उघडली. रेघ खांद्यापासून निघाली, मुंढ्याशी थांबली आणि सावकाश वळली. बाई नुसत्या बघत राहिल्या.

लिफ्टवाल्यांनी चपला पायात सरकवल्या. "मी जरा फिरून येतो. तुम्ही दोघं बसा."

"कुठे निघालात? इकडे या. हात वर करा बघू."

बाईंनी त्यांची छाती मोजली, खांदा मोजला, बाही मोजली. "एवढं वय झालं तरी विकतचेच शर्ट! एका तरी शर्टाची बाही मनगटापर्यंत पोचते का?"

त्या खुर्चीवर बसून एकेक माप भरू लागल्या. सगळी मापं भरून झाल्यावर प्रोग्रामनं नव्या माणसाबद्दलचा नेहमीचा प्रश्न विचारला: गिऱ्हाईक की घरचं? मास्तर घरच्यांचे कपडे अर्धा इंच सैल धरायचे.

बाईंनी मागे वळूनही न बघता 'घरचं' दाबलं.

रेघ निघाली, अर्धा इंच सैल. लिफ्टवाले चपला काढून बाईंच्या शेजारी बसले आणि मास्तरांच्या हातून आपली बाही पुरी होईपर्यंत जागचे हलले नाहीत.