फरशीवर फोडलेला नारळ

डब्याचं झाकण मेघालीच्या हातातून निसटलं आणि फरशीवर गरगर फिरून खणकन बसलं. सकाळच्या शांततेत तेवढाच आवाज. आतून लगेच संचिता ओरडली, "आई, निघायचं?" जणू पोरगी झाकण पडायचीच वाट बघत होती.

"निघू गं बाई, आधी दात तर घास!"

यंदा सासरी कोकणात जाणं जमणार नव्हतं. म्हणून तिच्या नवऱ्याने, दर्शनने ठरवलेलं, डोंबिवलीतून निघून दर रविवारी जवळच कुठेतरी जायचं. ठाण्याला तलावपाळीवर बोटीत बसून झालं. कल्याणला काळ्या तलावाची भेळ खाऊन झाली. उपवनला संचिताने कुल्फी फ्रॉकवर सांडली आणि घरी यायलाच तयार नव्हती. आजची सहल मात्र मेघालीच्या हट्टाची होती. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याच्या चटणीखाली, टॉवेलात गुंडाळलेला नारळ होता.

तिच्या माहेरच्या कोळीवाड्याची रीत होती. पोर पाच वर्षांचं व्हायच्या आत आजाने त्याला खांद्यावरून बंदरावर न्यायचं, बापदेवाच्या दगडापुढे नारळ फोडायचा आणि पोराचे पाय खाडीत बुडवायचे. मेघालीचे असेच बुडवलेले. संचिताला पाचवं पुरं व्हायला आता थोडेच दिवस उरले होते, आणि दामाजीचे, मेघालीच्या वडिलांचे गुडघे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हते.

कोळीवाडा उठल्यापासून दामाजी कळव्याला भाड्याच्या खोलीत राहायचा, तिथून त्याला घेतलं. म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून तयारच होता. रिक्षात तो नातीला सांगत होता, "इकरं वळला का आपली वाट. मंग खारीच खारी!" खाडीला तो खारीच म्हणायचा.

वळणावर वाट नव्हती, गेट होतं. आत आभाळाला भिडलेले टॉवर.

"कोणाकडे?" वॉचमनने विचारलं.

"कोणाकडे नाही. बंदरावर जायचंय," मेघाली म्हणाली.

"बंदर वगैरे काय नाय इथे. फ्लॅट नंबर बोला."

मेघालीची कानशिलं तापली. दर्शनने तिचा हात दाबला आणि पुढे होऊन हसत म्हणाला, "फ्लॅट बघायला आलोय, भाऊ. सेल्स ऑफिस कुठे?"

गेट लगेच उघडलं. स्वतःच्या गावात शिरायला गिऱ्हाईक व्हावं लागलं! तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त, त्याची युक्ती चालली याचा.

शौनक नावाचा टायवाला मुलगा त्यांना थंड पाणी देऊन मागच्या बागेत घेऊन गेला. "हा आपला खाडीचा व्ह्यू, सर. संध्याकाळी तर एकदम भारी."

खाडी होती. काचेच्या उंच कठड्यापलीकडे, चित्रासारखी. अलीकडे हिरवळीत, चार दिव्यांच्या मधोमध, फरशी घालून एक दगड बसवलेला.

दामाजी थबकला. "ह्यो आमचा बापदेव हाय."

"हो का, काका? नाइस!"

"शेंदूर कुठे गेला त्याचा?" मेघालीने विचारलं.

"घासून काढला, मॅडम. डिझायनरला रॉ लुक हवा होता."

पिढ्यान्‌पिढ्या हातांनी चढवलेला शेंदूर. तिच्या आजीच्या, आईच्या बोटांचा. घासून काढला, म्हणे!

"त्या कठड्याचं दार उघडा," ती म्हणाली. "माझ्या मुलीचे पाय पाण्यात बुडवायचेत."

"सॉरी, तिकडे अलाउड नाही. सेफ्टी इश्यू असतो."

"माझा बाप जन्मभर याच पाण्यात कमरेएवढा उभा राहिला. तेव्हा कुणाला सेफ्टी आठवली नाही ती?"

"मॅडम, प्लीज हळू बोला. इथले लोक कंप्लेंट करतात."

"इथले लोक? मग आम्ही कुठले रे?"

शौनकचं हसू गेलं. "तेच विचारतोय. तुम्ही नक्की कोणाकडे आलात?"

तिला उत्तर द्यायचं होतं, पण मागे खाडकन आवाज झाला. दामाजीने नातीला दगडापुढे उभं केलं होतं आणि चकचकीत फरशीवर नारळ फोडला होता.

"अहो काका, डाग पडतात!"

दामाजीने ऐकलंच नाही. गुडघ्यावर हात टेकत तो वाकला, आणि करवंटीतलं पाणी संचिताच्या पायांवर ओतलं. आधी डाव्या, मग उजव्या. "घे गो बाय," तो पुटपुटला, "आज यवरंच हाय." संचिता गुदगुल्या झाल्यासारखी खिदळली.

दोन वॉचमन धावत आले. कुणी हात लावला नाही, फक्त गेटपर्यंत सोबत चालत राहिले, चोरांना सोडायला यावं तसे. मागे कुणीतरी फरशीवर पोछा मारत होतं.

गेटबाहेर गुलमोहराखाली फुटपाथवर त्यांनी डबा सोडला. दामाजी टॉवरकडे पाठ करून भाकरी चावत होता, आणि दर्शनने त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

संचिता आपले चिकट झालेले पाय एकमेकांवर घासत बसली होती. घासता घासता थांबली.

"आई, ते काका विचारत होते ना, सांग ना. आपण कोणाकडे आलो होतो?"