यामनाच्या गच्चीवरचं रोप

हाजी बुझियाननं पान उलटं करून आपल्या सदऱ्याच्या पांढऱ्या बाहीवर घासलं. बाहीकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"कीड नाही. असती तर तांबडी रेघ उठली असती."

"मग बुरशी?" यामनानं विचारलं.

"बुरशीच्या डागात बारीक काळे ठिपके दिसतात, पोरी. हे बघ, टोकं करपलीत, कडा करपल्यात. डाग कागदासारखे कोरडे."

किटामाच्या डोंगरात पान पाहून रोग सांगणारा म्हणजे हाजी. लोक त्याला गांजाच्या शेतांवर घेऊन जात. यामनानं मात्र तेलाच्या जुन्या डब्यातल्या एका रोपासाठी म्हाताऱ्याला गच्चीवर चढवलं होतं. रोप नवऱ्यासाठी होतं, अल्लालसाठी.

गेल्या वर्षी विहीर खणताना कड कोसळली. अल्लालचा जोडीदार हम्मू आतच राहिला. अल्लालला दोरानं वर काढलं, पण कंबर गेली होती. तेव्हापासून तो खालच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. पन्नाशीची यामना लोकांच्या शेतात खुरपायला जायची, डोंगरातून लाकडाची मोळी पाठीवर आणायची, घरी येऊन त्याला पुसून काढायची, कुशीवर वळवायची. कुणीतरी सांगितलं, घरचा गांजा लोण्यात कढवून दे, महिन्याभरात उभा राहील. मग ती आल्यागेल्याला सांगत सुटली, "रोप तयार होऊ दे, माझा माणूस चालत दारात येतो की नाही बघा!"

हाजीनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारट."

"खारट कशी होईल? मी झऱ्याचं पाणी घालते."

"तू घालतेस. पण मिठाचंही कुणीतरी घालतंय. वास घे."

ती वाकली. ऑलिव्ह मुरवलेल्या मिठाच्या पाण्याचा वास. त्यात रानओवा, जो गावात फक्त तीच घालायची. मातीत लिंबाच्या सालीचा एक तुकडाही रुतला होता.

"दिवसा घरी कोण असतं?"

"कुणी नाही," ती पटकन म्हणाली. आणि तिची नजर खालच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यावर गेली.

हाजीनं नजर दुसरीकडे वळवली. "भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढ. रोप वाचेल," एवढंच बोलून तो जिना उतरला. चहालाही थांबला नाही.

अल्लाल भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या पायांच्या तळव्यांना गच्चीचा चुना लागलेला होता.

"कधीपासून चालतोस?"

त्यानं पाय पांघरुणात ओढून घेतले.

"अल्लाल, त्या म्हाताऱ्यासमोर मी मेल्याहून मेले. कधीपासून?"

"थंडी सरायच्या आधीपासून."

"सात महिने! सात महिने मी तुझं लघवीचं भांडं उचललं. तू उचलू दिलंस?"

"उभा राहिलो की लोक पुन्हा विहिरीत उतरवणार," तो भिंतीलाच सांगत राहिला. "हम्मूचा हात माझ्या हातातून सुटला, यामना. मला नाही जमायचं."

"मग तेवढंच म्हणायचं होतंस. मी म्हटलं असतं, नको उतरू. गावाच्या तोंडाला मी लागले असते. तू घाबरलास याचा राग नाही रे मला. पण मी मोळी घेऊन आले की तू कण्हायचास! तेसुद्धा नाटक होतं?"

"कधी कधी दुखायचं."

"आणि रोपानं काय बिघडवलं होतं तुझं?"

"ते तयार झालं की तू मला उठ म्हणणार होतीस."

ती चुलीकडे गेली, बटाटे चिरले, कोंबडीचा एकुलता एक तुकडा मधोमध ठेवून मातीच्या भांड्यात ताजिनचं कालवण शिजवलं. दुपारी ते भांडं उचलून ती त्याच्या दाराशी थांबली.

"जेवण गच्चीवर आहे," ती म्हणाली आणि वर गेली.

ती जिन्याकडे पाठ करून बसली. मग पावलं वाजली. एकही अडखळलं नाही.

तो समोर येऊन बसला. एरवी ती हाडापासून मांस सोडवून त्याच्या बाजूला सारायची. आज तिनं भाकरी मोडली, आपल्या कडेचा बटाटा उचलला आणि खाऊ लागली. त्यानं कोंबडीच्या तुकड्याकडे हात नेला, मग मागे घेतला.

दोघं आपापल्या कडेनं जेवत राहिली. तुकडा मधोमध निवत गेला.