आठ महिने खिशात

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे, तळहाताएवढी, चार घड्या पडलेली. छापखान्यात आम्हा शंभर जणींना एका कडेने डिंक लावून चिकटवलं आणि आमचं पॅड एका दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावर आलं. आमचं काम सोपं होतं. बाईंनी लिहायचं, फाडायचं आणि पेशंटने आम्हाला समोरच्या रक्ततपासणीच्या खोलीत न्यायचं. माझ्या बहिणी पाच मिनिटांत तिथे पोचल्या. मला मात्र आठ महिने लागले.

मला ज्यांच्या हाती दिलं ते लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ होते. वय पन्नाशीचं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एका ऑफिसच्या इमारतीत महिनाभर काम चालू असताना कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी त्यांची ओळख झाली. दोघंही एकटी होती, जवळ आली. काम संपलं आणि भेटीही थांबल्या. काही आठवड्यांनी त्यांना नको त्या जागी एक फोड आला. दुखत नव्हता, पण त्यांना धडकी भरली.

"शरीरसंबंधातून होणारा आजार असू शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजच रक्त द्या. फोड आपोआप जाईल, पण आजार आत राहू शकतो."

"हो, देतो," ते म्हणाले. पण तपासणीच्या खोलीबाहेर त्यांच्या ओळखीचा एक वॉचमन बसला होता. त्याला पाहताच त्यांनी माझी घडी घातली, जाकिटाच्या आतल्या खिशात मला कोंबलं आणि तडक बाहेर पडले.

पंधरा दिवसांत फोड गेला. पुढे तळहातांवर लालसर डाग उठले. ते हातमोजे घालून काम करत राहिले, डागही गेले. एकदा त्यांनी मला बाहेर काढलं, वाचलं आणि पुटपुटले, "आता कशाला?" पण फाडलं नाही. मी पुन्हा अंधारात गेले. ग्रिसचा वास, पान्याची खणखण आणि त्यांचे उसासे, एवढंच माझं जग होतं. ते कुणाशी फारसं बोलत नसत. घरी आल्यावर रेडिओ लावत आणि न ऐकताच बंद करत.

मग खिसा उसवला आणि मी अस्तरात घसरले. जाकीट शिवायला गेलं ते शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंकडे. दरम्यान त्यांचं या बाईंशी लग्न ठरलं होतं. दोन आठवड्यांनी नोंदणी करायची होती.

अस्तर उसवताना मी त्यांच्या मांडीवर पडले. माझ्यावरचं नाव, तारीख आणि कुठल्या आजारासाठी रक्त तपासायचं ते त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं. ते जाकीट न्यायला आले तेव्हा बाईंनी मशीन थांबवलं.

"ही तपासणी केलीत?"

"अहो, ते कधीच बरं झालं. आता काही त्रास नाही."

"त्रासाचं नाही विचारलं मी. तपासणी केलीत का?"

ते खाली बघत म्हणाले, "भीती वाटली. कुणाला सांगणार होतो मी?"

"मला सांगायचं होतं. लग्न माझ्याशी ठरलंय ना?" बाईंनी मला त्यांच्या हातात ठेवलं. "उद्या जा. नोंदणीचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते एकटेच दवाखान्यात गेले. रिपोर्टमध्ये आजार निघाला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "अजून उशीर झाला असता तर मेंदू, डोळे, हृदय, कशावरही गेलं असतं," एवढंच म्हणाल्या. इंजेक्शन झालं. मग त्यांनी विचारलं, "ज्यांच्याशी संबंध आला त्यांना कळवलंत?"

तिथेच बसून त्यांनी कँटीनवाल्या बाईंना फोन लावला. किती अडखळले ते! पलीकडून आवाज आला, "पण मला तर कधीच काही झालं नाही."

"तरी रक्त तपासायला ये. माझं चुकलं, आधीच सांगायला हवं होतं."

आता मी त्यांच्या फाइलमध्ये टाचलेली असते. कपाटात अंधारच आहे, पण माझ्या जागी आहे. तीन महिन्यांनी ते पुन्हा रक्त द्यायला आले, आजार ओसरत होता. लग्नाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ती अजून विचार करतेय. बोलते माझ्याशी, तेवढं पुरे."

कँटीनवाल्या बाईही येऊन गेल्या. अंगावर एकही खूण नसताना त्यांच्या रक्तातही आजार निघाला. त्यांनाही वेळेवर औषध मिळालं.

मित्रांनो, खूण पुसली म्हणजे आजार गेला असं समजू नका. तपासून घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी घाबरत घाबरत असं काही सांगितलं तर हसू नका. जमलं तर त्याच्यासोबत जा आणि त्याचा नंबर येईपर्यंत शेजारी बसून राहा.