अर्धा इंच

मी एक जुनी कापडी टेप आहे. बावीस वर्षं एका शिंपीणबाईंच्या गळ्यात होते. आता खणात, बटणांच्या डब्याशेजारी पडून असते. मित्रांनो, मला एक कबुली द्यायची आहे.

बाईंना जन्मतः सगळ्यांनी मुलगा ठरवलं होतं. आपण बाई आहोत हे त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी छातीचं ऑपरेशन करून सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या, खरबरीत आवरणाच्या. टाके सुकल्यावर पहिलं माप मीच घेतलं. छत्तीस. दाराला कडी लावून बाई पोटभर रडल्या आणि मग स्वतःचा ब्लाउज शिवायला बसल्या. तेव्हा माझा तोरा काय विचारता.

गेल्या वर्षी डावी बाजू सुजू लागली. दुखत नव्हतं. शिवणाऱ्या माणसाला जे सुचतं तेच बाईंनी केलं. ब्लाउजची डावी शिवण उसवून आत राखलेली माया, म्हणजे जादा कापड, मोकळी केली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मी साडेछत्तीस म्हणाले, मग सदतीस.

"वय झालं, अंग भरतंय," त्या म्हणायच्या.

अहो, अंग भरतं ते दोन्हीकडे भरतं. मला कळत होतं, पण टेपचं ऐकतो कोण?

एके दिवशी आमचं जुनं गिऱ्हाईक, दवाखान्यातल्या नर्सबाई, शिवलेला कोट परत घेऊन आल्या. "मापं कागदावर लिहून दिली होती ना? मग असा सैल कसा?"

बाईंनी मला स्टीलच्या पट्टीवर लावलं. ओढून ओढून मी अर्धा इंच लांबले होते. म्हणजे कापड जास्त कापलं जात होतं, आणि अंगाचं माप मी इतके दिवस कमीच सांगत आले होते. बाईंनी डाव्या बाजूला हात लावला.

"म्हणजे माझी सूज..."

नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कितीदा उसवलंत?"

"तीनदा. आता माया उरली नाही."

"पिशवीभोवती पाणी साठलं असेल. अशा खरबरीत पिशव्यांभोवती क्वचित लिम्फोमा होतो. कर्करोगच तो, पण लवकर सापडला तर बहुतेक बरा होतो."

"दवाखान्यात आधी विचारतात, बायकांच्या रांगेत का उभी? आणि पिशव्या काढल्या तर माझं काय उरेल?"

"तुम्ही उराल. चला, मी येते बरोबर."

डॉक्टरांनी सुईनं पाणी काढून तपासायला दिलंय. आठ दिवसांत रिपोर्ट येईल म्हणाले होते. आज दहावा. भिंतीवर नवी टेप लटकते, पण बाई स्वतःचं माप घेत नाहीत. तो ब्लाउज मशीनवर तसाच पडलाय, डावीकडे उसवलेला.

मित्रांनो, अंगात एकीकडेच काही वाढलं, तर कपडा उसवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि गळ्यातली टेप अधूनमधून पट्टीला लावून बघत जा. मी खोटारडी नव्हते हो. जुनी झाले होते, आणि मला कुणी तपासलं नाही.