चारशे बारा फोटो आणि नानाजी

फोल्डर: लग्न
आत: फक्त साखरपुडा

महागावच्या स्टुडिओत नाहिदने तिसऱ्यांदा पाहिलं. दिपालीच्या लग्नाचे चारशे बारा फोटो तिथे नव्हते. एकटीने काढलेलं हे तिचं पहिलंच लग्न, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड तिने सकाळीच पुसलेलं.

समोर दिपालीची आई मैनाबाई बसली होती, अल्बमचे फोटो निवडायला.

"घाम काहून आला वं तुले?"

"पंखा हळू आहे, मावशी."

पंखा गरगरत होता.

भिंतीवरचा टीव्ही त्याच कॉम्प्युटरला जोडलेला. त्यावर साखरपुड्याचा व्हिडिओ. मैनाबाईचे वडील नानाजी यांनी तो स्वतःवर थांबवून ठेवला होता: फेटा, छाती पुढे. बिनतारी माउस त्यांच्या मुठीत.

सकाळ (ही आधी यायला हवी होती)

दहा वाजता नाहिदच्या अब्बांच्या घरची विजेची लाइन गेलेली. तिथली मोठी डिस्क नेटवर्कवरून ‘लग्न’ या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे जोडली की फोल्डरात तिच्यातलंच दिसतं. तेव्हा झालेली नव्हती. नाहिदने न पाहता फोटो त्या रिकाम्या फोल्डरात टाकले.

अकरा वाजता लाइन आली. तिने डिस्क माउंट केली.

फोल्डर: तोच

नाहिद ताडकन उठली. फोटो गेले नव्हते. सतरंजीखाली किल्ली राहावी तसे डिस्कखाली राहिले होते. अनमाउंट केलं, डिस्क सोडवली, की दिसणार! तिने कीबोर्डवरून आज्ञा दिली. कॉम्प्युटरचं उत्तर आलं:

जागा वापरात आहे.

पुन्हा दिली.

जागा वापरात आहे.

तिने टीव्हीकडे पाहिलं. व्हिडिओ त्याच डिस्कवरून उघडलेला होता. "नानाजी, तो व्हिडिओ बंद करा लागते."

"कायले?"

"त्याच्याखाली लग्न आहे."

"लग्न झालं. मी जेवून आलतो."

"बाबा, द्या ना तो माउस!" मैनाबाई ओरडली.

"साठ वर्सांत कोन्या फोटोत असा निंगलो नाई मी." मग नाहिदला, "लग्नात हाव का मी?"

नाहिदला लग्नात ‘नानाजी, सरका’ ओरडून बसलेला आपला घसा आठवला.

"लय."

नानाजींनी माउस दिला. नाहिदने व्हिडिओ बंद करून डिस्क सोडवली.

फोल्डर: लग्न
आत: चारशे बारा

अंतरपाट. दिपालीच्या जागी फेटा.

हार. फेटा.

सप्तपदी. फेटा, छाती पुढे.

"नाहिद," मैनाबाई हळूच म्हणाली, "माई पोरगी कुठी हाय?"

नाहिद फोटो पुढे पुढे सरकवत राहिली. दोनशे नव्वदला दिपाली आली. अख्खी, हसरी. दोनशे एक्क्याण्णवला पण. थेट तीनशे चाळीसपर्यंत फक्त दिपाली आणि तिचा नवरा.

"झाला अल्बम!" मैनाबाईने पदराने डोळे पुसले. "हे कवाचे वं?"

"नानाजी जेवत होते, तेव्हाचे."

"बरं झालं बाबा, तिसऱ्यांदा बुंदी घेतली तुमी."

नानाजी टीव्हीजवळ गेले. एकेका फोटोत स्वतःला शोधून पाहिलं.

"यात मी काहून नाई?" ते म्हणाले. "बंद कर हे. पहिलं ते साखरपुड्याचं लाव."