डावीकडे झुकलेला गुलाब

पेल्यावरचा निळा गुलाब डावीकडे झुकलेला पाहून केटुराचा कुंचला हवेतच थबकला. इंग्लंडमधल्या लाँगटनच्या त्या चिनी मातीच्या कारखान्यात खालची पाकळी दुमडलेला गुलाब काढणारी ती एकटीच, आणि तिचा गुलाब झुकायचा उजवीकडे. हा अगदी तोच होता, फक्त मान फिरलेली. तिने दुसरा पेला उचलला, तिसरा उचलला. रेषेत केसाचाही फरक नाही. देवसुद्धा दोन पानं सारखी करत नाही. मग हा हात कोणाचा?

मागच्या कुलूपबंद खोलीत तिचा धाकटा भाऊ इनॉक तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करायचा. काय कोरतो, ते घरी कधी बोलायचा नाही.

संध्याकाळी तिने पेला त्याच्यापुढे आदळला. "हा तुझाच ना रे?"

"ताई, मालकांनी शपथ घातलीय."

"चॅपलात माझ्या शेजारी उभा राहून देवाची गाणी गातोस, आणि बहिणीचंच चोरतोस?"

इनॉकने मान खाली घातली. "नुसतं कागदावर छापायचं तर पत्र्यावर उलटं कोरतात, पण इथे कागदावरचा ठसा पुन्हा पेल्यावर उतरतो, म्हणून सुलटंच कोरायचं असतं. घाईत विसरलो."

"तेवढंच विसरलास होय?" तो घाईत विसरला, हेही तिला खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मालक पार्जेटर स्वतः तिच्या बाकाशी आले. शिव्या देणाऱ्याला एकवेळ घाबरू नये, पण गोड बोलणाऱ्यापासून पदर सावरावा.

"केटुराबाई, आमच्या लंडनच्या दुकानात काचेपाशी बसून रंगवायचं. कोणी विचारलं तर म्हणायचं, सगळा माल हातानं रंगवलेला."

"आणि नाही म्हटलं तर?"

"आता गुलाबाला माणूस लागत नाही, बाई."

पोटासाठी ती गेली. पहिल्याच दिवशी रेशमी झग्यातल्या एका बाईने छापील पेला उचलला. "हे सगळं तुझ्या हातचं?"

दुकानातल्या मागच्या पडद्याखालून, आड उभ्या मालकांचे बूट दिसत होते. हो म्हटलं तर नोकरी टिकणार होती. पण त्याच तोंडाने रविवारी गायचं कसं?

"नाही बाईसाहेब. नक्षी माझी आहे, पण हे पेले छापलेत."

बाई खळखळून हसली. "काय हा विनय! पूर्ण संच बांधा हो!"

ती गेल्यावर मालक बाहेर आले. आता नोकरी गेली, असं केटुराला वाटलं. ते मात्र हात चोळत म्हणाले, "झकास! उद्याही हेच सांगा."

केटुराने कुंचला पुसून ठेवला आणि टोपी डोक्यावर चढवली.

"आता काय झालं?"

"मालक, खोटं बोलवत नव्हतं म्हणून खरं बोलले. तेही तुम्ही विकायला काढलंत."

आणि ती दार उघडून रस्त्यावर उतरली.